सगळ्यात लांबचं गाव

मले कोणी भोळी म्हणू नका. मी मनकर्णा. पांढुर्ण्याच्या बाजारात भाजीवाल्याच्या तराजूखाली हात घालून पाहणारी बाई. त्या पोरीवर मले शक आला तो उगाच नाही आला. तुम्ही आधी सारं आयका, मंग सांगा तुमच्या मनात काय आलं असतं.

बुधवारी सौंसरच्या रघुनाथरावाकडून निरोप आला, की तुमची हिमानी आमच्या भूपेंद्रसाठी मनात हाये. आन् शुक्रवारी सकाळी एक परकी पोरगी मोटारसायकल घेऊन आमच्या बगीच्याच्या फाटकासमोर बंद पडली. आता पाहा, पांढुर्ण्यापासून सौंसरपर्यंत एवढा मोठा रस्ता, त्याच्यावर इतके संत्र्याचे बगीचे, तितकीच फाटकं. तिची चेन तुटली ती नेमकी आमच्याच फाटकासमोर! तिच्या आधी कोणाची तुटली नव्हती, तिच्या नंतर कोणाची तुटली नाही.

हिमानीचे बाबा म्हणजे देवमाणूस. नाव घ्यायचं नसते, पण तुम्हाले समजावं म्हणून सांगते, भगवंतराव. त्यायनं गड्याकडून गाडी ढकलून आत घेतली, पोरीले पाणी दिलं, खाट टाकून दिली. गुणवंता मिस्त्री आला, त्यानं चेन पाहिली आन् म्हणे, "या गाडीची चेन पांढुर्ण्यात नाही भेटत. नागपूरहून मांगवा लागते. उद्या दुपारपर्यंत धरून चाला." मी मनात म्हटलं, वा रे वा! मुक्कामाची सोयबी झाली.

पोरीचं नाव ऋतुजा. नाशिकची. केस पोट्ट्यासारखे कापलेले, अंगात जाडजूड जाकीट, आन् डोक्यावरच्या हेल्मेटले कॅमेरा चिकटवलेला. मी चहा देता देता इचारलं, "काय काम करता तुम्ही?"

"मी सिनेमा बनवतेय, काकू."

"कशाचा?"

"एका मुलीचा. ती एकटीच रस्त्यानं निघते. वाटेत माणसं भेटतात. आणि परत येते तेव्हा ती पहिल्यासारखी राहिलेली नसते."

"कोण हाये ते पोरगी?"

"मीच."

"मंग हिरो?"

"हिरो नाही, काकू."

"मारामारी?"

"नाही."

"शेवटी लग्न तरी?"

"तेही नाही," ती हासली.

अव माय! नाचणारी तेच, डफडं वाजवणारी तेच, आन् लग्न नाही, मारामारी नाही. असा सिनेमा राहते काय कुठं? पैसे देऊन पाहणार कोण? तिथंच माही खात्री झाली. हे सिनेमावाली नाही. हे सौंसरची चौकशीवाली.

तुम्ही हासता, पण आमच्याकडं हे चालतेच. स्थळ मनात आलं की आधी उजागरीनं कोणी येत नाही. कोणीतरी निमित्त काढून घर हुंगून जाते. मले पाहायले माही सासू बांगड्यावालीसंग आली होती. बांगड्या भरायच्या निमित्तानं माहा हात तिच्या हातात, आन् तळव्याले घट्टे हायेत का नाही ते तिनं पाहून घेतलं. लग्न झाल्यावर मले समजलं. आन् माही थोरली चंचल, तिच्या वेळेस पोराची आत्या दह्याचं विरजण मांगाले आली होती. सुरतेची बाई पांढुर्ण्यात विरजण मांगते! मी तवा गाफील राहिली. आता नाही राहणार होती.

चंचलचं सांगतलं तर पुरंच सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई एवढी काऊन तापते. चंचल सुरतेले दिली. पोरगं सोन्यासारखं, सासू गरीब, खायले-प्यायले चांगलं. पण सुरत! नातू झाला तो मले मोबाइलमधी दाखवला. मी त्याले बोटानं चाचपलं तर बोटाले काच लागली. दिवाळी येते, दिवे लागतात, चंचल येत नाही. जवायले सुटी नाही, पोराची शाळा हाये, गाडीत जागा नाही. त्या पोरीच्या आठवणीनं मी भाकर थापता थापता रडलेली बाई हाये. म्हणून मी जामसावळीच्या मारुतीपुढं बोलून टाकलं होतं, की हिमानीले सौंसरच्या पलीकडं देणार नाही. सौंसर कसं, सकाळच्या बसनं निघालं की लेकीच्या हातचा चहा पिऊन दुपारच्या भाकरीले आपण घरी. एवढंच मले पायजे होतं. दुसरं काही नाही.

आन् त्यात एकच अडचण होती. अडचण म्हणजे हिमानीच.

तिच्या बाबांच्या कमरेचं ऑपरेशन झालं तवापासून संत्र्याची पिकअप हिमानीच चालवते. भरलेली गाडी मंडीत अशी उलटी घालते की गडी माणसं बाजूले सरून पाहत राहतात. गाडीखाली घुसून गुणवंतासंग नटबोल्ट कसते. मी तिच्या बाजूच्या सीटवर कधी बसली नाही. पोरीच्या जातीनं भर बाजारात हॉर्न वाजवत यावं, मले ते पाहवत नव्हतं. आन् सौंसरच्या निरोपात शब्द होता, "आम्हाले घरगुती पोरगी पायजे."

मंग मी काय केलं? पिकअपवर ताडपत्री टाकली. चाबी पिठाच्या डब्यात पुरली. हिमानीले आत बोलावून कानात सांगतलं, "सौंसरची चौकशीवाली हाये. साडी नेस, खाली पाहून चाल, गाडीचं नाव काढशील तर पाय तोडीन."

हिमानी म्हणे, "आई, ते खरंच सिनेमा काढून राहिली. तिनं मले कॅमेऱ्यातलं दाखवलं."

"चौकशीवाली काय कपाळावर लिहून येते? उगी राहा."

आता पुढचं आयका आन् माहं काही चुकलं असंल तर सांगा. दुपारी ऋतुजा कॅमेरा घेऊन बगीच्यात आली आन् हिमानीले म्हणे, "हिमानी, त्या झाडापासून इथपर्यंत जरा चालून दाखव ना."

मी मालकाकडं पाहिलं. लंगडते का पाहून राहिली!

"आता इकडं बघ. केस जरा मोकळे सोडतेस?"

केस खरे का गंगावन, ते पाहून राहिली!

"हास ना जराशी. अशी नाही, दात दिसू दे."

बाप्पा बाप्पा! काही बाकी राहिलं असंल तर अक्कलदाढबी मोजून घे, असं माह्या अगदी ओठावर आलं होतं, पण मी जीभ चावली. मालक मात्र खाटेवर बसून संत्रं सोलत होते आन् मजा पाहत होते. नंतर ऋतुजा स्वयंपाकघरात घुसली. म्हणे, "इथला उजेड किती छान आहे!" चुलीजवळच्या कोपऱ्यात कसला आला वो उजेड? डब्यांच्या झाकणाकडं पाहत होती ते. मी पिठाच्या डब्यासमोर उभी राहिली ती ते बाहेर जाईपर्यंत हलली नाही.

मंग तिनं मले संत्र्याच्या झाडाखाली बसवलं. कॅमेरा समोर. "काकू, हिमानीबद्दल सांगा ना. काय काय करते ती?"

मी पदर सावरला आन् सुरू झाली. "आमची हिमानी म्हणजे गाय. स्वयंपाक तिचा, सडा-रांगोळी तिची. घराबाहेर पाय टाकत नाही. गाडीबिडीचं तर नावच नको. तिनं सायकलची घंटीबी वाजवली नाही कधी."

माह्या मागं धाडकन आवाज झाला. हिमानी संत्र्याचं कॅरेट घेऊन येत होती, ते तिनं जमिनीवर आपटलं होतं. ऋतुजानं तिच्या हाताकडं पाहिलं. नखात ग्रीस होतं. साडी नेसवली, पण नखं धुवायचं मले काही सुचलं नाही.

मी घाईघाईनं पुढं रेटलं, "आन् आमचं काही मोठं मागणं नाही. सौंसरच्या रघुनाथरावासारखं सज्जन घर भेटलं की बस. काय माणूस! काय घराणं!"

"कोण रघुनाथराव?" तिनं इचारलं.

पाहा बरं साळसूदपणा! ताकाले जाऊन भांडं लपवणारी पोरगी. मी म्हटलं, "असंच आपलं. नाव आयकून हाये."

"बरं, शेवटचा प्रश्न. वाटेत जो भेटेल त्याला मी हाच एक प्रश्न विचारते. माझा सगळा सिनेमा त्याच्यावरच आहे. काकू, तुमच्यासाठी सगळ्यात लांबचं गाव कोणतं?"

मले वाटलं, हे परीक्षाच हाये. पोरीच्या मायले धर्मबुद्धी किती ते पाहून राहिली. मी "काशी" म्हणायचं ठरवलं. चांगलं सोज्वळ उत्तर होतं. तोंड उघडलं आन् तोंडातून निघालं, "सुरत."

आन् मंग डोळ्याले पाणी. असा राग आला मले माह्याच डोळ्यांचा! दुश्मनासमोर रडली. ऋतुजानं कॅमेरा बंद केला आन् पाण्याचा गिलास पुढं केला. एक क्षण वाटलं, चौकशीवाली असती तर तिनं कॅमेरा बंद केला नसता. मंग वाटलं, नाही, हुशार चौकशीवाली असंच करंल.

दुसऱ्या दिवशी सकाळी तर रंगे हाथ पकडली. मी विहिरीवर चालली होती. मोटारीच्या खोलीमागं दोघी बोलत होत्या. ऋतुजा म्हणत होती, "रघुनाथरावांचं घर सौंसरमध्ये कुठं आलं?" आन् माही बावळी पोरगी तिले पत्ता सांगून राहिली होती! मंग काहीतरी कुजबुज झाली, दोघी हासल्या. मले आयकू आलं नाही.

काल म्हणे कोण रघुनाथराव, आन् आज त्यायच्याच घरी निघाली. झालं. आता शकाचं कामच राहिलं नाही.

पण मी भांडली नाही. मी का कच्च्या गुरूची चेली? चौकशीवालीले उपाशी धाडलं तर ते तिथं जाऊन आग लावते. मी कोथिंबीर भरून गरम गरम सांबारवड्या तळल्या, कढी केली, तिच्या पानात वाढत गेली ते हात जोडेपर्यंत. गुणवंतानं चेन बसवून दिली. निघताना मी तिच्या पिशवीत बगीच्यातली निवडून निवडून संत्री भरली आन् म्हटलं, "जिथं जाशीन तिथं आमच्याबद्दल चांगलं सांगजो, बाई."

ती जराशी गोंधळली. "हो काकू," म्हणे. मंग हिमानीले मिठी मारली आन् फटफट करत सौंसरच्या रस्त्यानं गेली.

आठवडाभर माहा जीव टांगणीले. पिकअप ताडपत्रीखालीच. मी सांगून ठेवलं होतं, सुपारी, साक्षगंध होईपर्यंत गाडीले हात लावायचा नाही. संत्री गुणवंता त्याच्या गाडीतून नेऊन राहिला होता आन् हिमानी त्याच्या गाडीमागं धूळ खाली बसेपर्यंत फाटकात उभी राहत होती. घरात बोलणं बंद. भाजीत मीठ कमी पडलं तरी मांगत नव्हती.

शनिवारी रघुनाथरावाचा फोन आला. पसंत! म्हणे, तुम्ही उद्या या, आमचं घर पाहून घ्या, सुपारी फोडून टाकू.

मी मालकाले म्हटलं, "पाहिलं? पोरगी न पाहता पसंत केली काय त्यायनं? पाहून गेली ते मोटारसायकलवाली. अन्‌ तुम्ही संत्रं सोलत बसले होते."

ते म्हणे, "तुले तर कावळा ओरडला तरी तो सौंसरचा वाटते."

मी हिमानीकडं गेली. म्हटलं, "आयकलं काय? तू पसंत हायेस त्यायले."

तिनं मान वर केली. "तू सांगतली ते पोरगी पसंत हाये त्यायले. मी नाही."

"उचलली जीभ लावली टाळ्याले! तुह्या भल्यासाठीच करून राहिली ना मी?"

"माह्या भल्यासाठी तू मलेच लपवलं, आई."

मी भांडे आदळले.

रविवारी सकाळी भाड्याची जीप दारात उभी. मालकानं नवं धोतर नेसलं, मी जांभळं पातळ काढलं. सुपारी, नारळ, कुंकू, सारं ताटात. तवा हिमानी मोबाइल घेऊन माह्यासमोर बसली.

"आई, जायच्या आधी हे पाहून घे. ऋतुजानं रात्री पाठवलं. तिच्या सिनेमातलं हाये."

"मी म्हटलं नव्हतं काय? गेली ना ते सौंसरले?"

"गेली. मीच पाठवलं तिले."

मी ताट खाली ठेवलं.

"तू म्हणत होती ना चौकशीवाली हाये? मी म्हटलं, होऊनच जाऊ दे चौकशी. पण आपल्याकडून. मी तिले एवढंच सांगतलं, तू तुहा सिनेमा कर, फक्त त्या घरातल्या बायकायले तुहा तो सवाल इचारजो."

माहा राग असा उसळला होता की काय सांगू, पण मोबाइल सुरू झाला होता. रघुनाथरावाची बायको बंगईवर बसली होती. अंगावर सारे दागिने. झोका घेत म्हणत होती, "आमच्या घरात सुनेले काही बंधन नाही, बाई. मनात आलं बाजार, मनात आलं माहेर. आम्ही तर म्हणतो, जा, फिरून ये. तेच म्हणते, नाही आई, मले इथंच करमते."

मले हासू फुटलं. असं हासू की पोट दुखलं. "अव हे तर आमच्याचसारखे! त्यायले वाटलं, हे पोरगी पांढुर्ण्याहून चौकशीले आली!"

"आता थांब," हिमानी म्हणाली. "पुढं पाहा."

पुढं गच्ची होती. एक पोरगी तुरी वाळू घालत होती. ते करुणा, रघुनाथरावाची मोठी सून. आम्ही त्या घराची सारी चौकशी केली होती. जमीन इचारली, पोराची सोबत-संगत इचारली, विहिरीले पाणी किती ते इचारलं. या पोरीबद्दल काही इचारलं नव्हतं.

ऋतुजाचा आवाज आला, "वहिनी, तुमच्यासाठी सगळ्यात लांबचं गाव कोणतं?"

करुणानं आधी जिन्याकडं पाहिलं. मंग खाली अंगणात कोणी हाये का ते वाकून पाहिलं. मंग म्हणाली, "तिगाव."

ऋतुजा हासली. "तिगाव? ते तर इथलंच आहे ना? मी परवा तिथूनच आले."

"माहेर हाये माहं," करुणा म्हणाली. हात तुरीत फिरत होता तो थांबला. "माय हाये तिथं. माहा पोरगा रांगत होता तवा भेटली होती. आता तो शाळेत जाते."

मंग तिनं सरळ कॅमेऱ्यात पाहिलं. माह्याकडंच पाहिलं म्हणा ना. आन् इचारलं, "ताई, तिगावात लागंल काय हो तुमचा सिनेमा?"

मोबाइल बंद झाला. बाहेरून मालक हाका मारत होते, "चला वो, उशीर होऊन राहिला!" जीपवाला हॉर्न देत होता. मी बसून राहिली.

सुरत. मी त्या सुरतेले किती शिव्या दिल्या. पण चंचल तिथून रोज संध्याकाळी फोन करते, काय भाजी केली ते सांगते, जवाई मधात तोंड घालून म्हणते, आई तुम्ही या ना इकडं. मीच जात नाही, म्हशीचं कोण करंल म्हणून. आन् हे पोरगी, तिले गच्चीवरून तिगावच्या बाजूचं आभाळ दिसत असंल. मी बसच्या वेळा पाहून लेकीचं घर शोधत होती. त्या घराचं दार बाहेरून उघडते का आतून, हे पाहायचं मले सुचलंच नाही. मारुतीपुढं उभी राहून मी सौंसर मांगून घेतलं होतं.

मी उठली. स्वयंपाकघरात गेली. पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. पीठ जांभळ्या पातळावर सांडलं तर सांडू दिलं. चाबी काढली आन् हिमानीच्या हातावर ठेवली.

"ताडपत्री काढ."

"सौंसरले जायचं?"

"आधी तिगावले."

मालक आत आले. त्यायले मी थोडक्यात सांगतलं. त्यायचं तोंड उतरलं, खाटेवर बसले. म्हणे, "आता रघुनाथरावाले काय सांगू?"

"सांगा, सुपारी फुटणार नाही. पण पाहुणे येऊन राहिले म्हणा, चहा ठेवा."

"आन् पोरगी गाडी चालवत त्यायच्या दारात जाईल? लोक काय म्हणतील, मनकर्णे?"

"म्हणतील मनकर्णाची पोरगी गाडी चालवते. खरं तेच म्हणतील. जीपवाल्याले वापस धाडा."

मालक फोन लावत घरीच राहिले. मी पहिल्यांदा हिमानीच्या बाजूले बसली. सीट उंच, चढताना पातळ अडकलं. हिमानीनं चाबीवरचं पीठ पुसलं, गाडी सुरू केली आन् आरशातून मागं पाहत ते फाटकातून अशी सफाईनं काढली की माहा श्वास थांबला. मी म्हटलं, "हळू चालव." ते म्हणे, "हळूच हाये, आई." मंग काही वेळानं मी म्हटलं, "छान चालवतेस." कान लाल झाले तिचे.

तिगावात टेसनाच्या रस्त्यावर इचारत इचारत घर सापडलं. दार एका बारक्या, वाळलेल्या बाईनं उघडलं. उघडलं म्हणजे बोटभर. त्या फटीतून तिनं आधी माह्याकडं पाहिलं, मंग पिकअपकडं, मंग हिमानीकडं.

"कोण पायजे?"

"करुणाच्या माय तुम्हीच काय?"

तिचं तोंड पांढरं पडलं. "सौंसरहून आले काय?"

"नाही. पांढुर्ण्याहून."

"कोणी पाठवलं तुम्हाले? करुणा काही बोलली काय?" आन् मी तोंड उघडायच्या आधीच ते घाईघाईनं बोलत सुटली. "तिची काही तक्रार नाही, बाई. आमचीबी नाही. पोरगी सुखात हाये. तिची सासू देवासारखी हाये. आम्हीच चुकलो, लग्नात त्यायच्या मामाले दुपट्टा-टोपी द्यायचं राहून गेलं आमच्याकडून. त्यायचं बरोबर हाये. आमची करुणा कधी एक शब्द बोलत नाही कोणाले. सांगा त्यायले, एक शब्द नाही बोलत."

पाठ केल्यासारखं बोलत होती. मी त्या झाडाखाली पदर सावरून बोलली होती ना, अगदी तसंच. फक्त मी पोरीचं लग्न जुळावं म्हणून बोलली होती, आन् हे बाई पोरीले मार पडू नये म्हणून बोलत होती.

मले रडू आलं. मी हिमानीले म्हटलं, "दाखव तिले."

हिमानीनं फटीतूनच मोबाइल आत धरला. गच्ची आली. तुरी आल्या. "तिगाव," करुणा म्हणाली. बाईनं फटीतून हात काढून मोबाइल धरला, डोळ्याच्या अगदी जवळ नेला. करुणानं इचारलं, तिगावात लागंल काय तुमचा सिनेमा? तिथं तो संपला.

"पुन्हा लाव," ते म्हणाली.

हिमानीनं पुन्हा लावला. मंग पुन्हा.

मी म्हटलं, "चाला ना बाई. आम्ही तिकडंच चाललो. आपण दोघी मिळून रघुनाथरावाच्या घरचा चहा पिऊ."

ते आत गेली. दार लोटलं. मले वाटलं, बाई भेली, आता काही उघडत नाही. हिमानी म्हणे, "आई, राहू दे, तिले जबरदस्ती नको." तेवढ्यात दार सताड उघडलं. बाईनं डोक्यावरून पदर घेतला होता आन् हातात एक कापडी पिशवी होती. भरलेली. एवढ्या वेळात कोणी पिशवी भरत नाही. ते भरूनच खुंटीले टांगलेली असंल. वरून तिळाच्या लाडवाचा डबा दिसत होता आन् त्याच्या बाजूले एक हिरवं स्वेटर, रांगत्या पोराच्या मापाचं.

गाडीत ते माह्या न् खिडकीच्या मधात बसली, पिशवी मांडीवर. वाटेत एकदाच बोलली. स्वेटर काढून पाहिलं आन् म्हणाली, "हे आता त्याले नाही होणार."

"नाही झालं तर दुसरं इणू," मी म्हटलं. "मले येते."

हिमानीनं गाडी पळवली. संत्र्याचे बगीचे गेले, कापसाचे वावर गेले. मी रघुनाथरावाच्या बायकोले काय काय बोलायचं ते मनात जुळवत होती आन् चहाआधीच माही जीभ शिवशिवत होती. तेवढ्यात सौंसरची घरं दिसाले लागली. बाई पुढं वाकली, काचेतून पाहिलं.

"आलं काय?"

"हाव, आलं."

तिनं वळून मागच्या रस्त्याकडं पाहिलं. मंग माह्याकडं पाहिलं.

"एवढंसंच होतं काय वो?"

मी तिचा हात धरला. "हाव बाई," मी म्हटलं. "एवढंसंच होतं."

हिमानीनं गाडी गल्लीत वळवली आन् रघुनाथरावाच्या दारासमोर जोरात हॉर्न वाजवला.